बिनखिडकीची स्वतंत्र खोली

कोंदट जागेतल्या कांद्यांचा वास आला की माझं डोकं आजही फिरतं. सिंगापूरला नवीन होते तेव्हा वुडलँड्समधल्या एका मराठी वहिनींनी "स्वतंत्र खोली देते" म्हणून बोलावलं. बॅगेसकट गेले, तर त्यांनी बॉम्ब शेल्टरचं, म्हणजे युद्धात लपायला तिथल्या फ्लॅटमध्ये बांधलेली असते त्या कोठडीचं, जाडजूड लोखंडी दार उघडलं. आत खिडकी नाही, नुसत्या कांद्याबटाट्यांच्या टोपल्या आणि त्यांना खेटून एक गादी. मी बघतच राहिले, तर त्या मोबाईलवर ऑस्ट्रेलियाच्या सहलीचे फोटो दाखवायला लागल्या. "अगं, तिथे वाळवंटात लोक जमिनीखाली घरं खोदून राहतात. त्यांना कुठे खिडक्या असतात? पण गारवा काय असतो म्हणून सांगू!" मी म्हटलं, "मग वहिनी, तुम्हीच झोपा इथे गारव्याला, मी तुमच्या बेडरूममध्ये झोपते." त्यांचं तोंड एवढंसं झालं. मी बॅग उचलली, तर म्हणतात कशा, "थांब, कुंकू लावते. तसंच जायची आपल्यात पद्धत नाही." आपल्यात म्हणे! लिफ्टच्या आरशात बघून ते कुंकू मी इतकं खसाखसा पुसलं की कपाळ लालभडक झालं. आता माझ्याही फ्लॅटमध्ये तशी खोली आहे. तिच्यात कांदे राहतात, फक्त कांदे.