बंबाचा कायदा

हिवाळ्यात सकाळी माझ्या बायकोची बोटं आखडतात. संधिवात. मूठ वळत नाही, सुई धरवत नाही. आणि ती गारखेड्यातल्या निम्म्या बायकांची पोलकी शिवणारी! तीन वर्षांपूर्वी थंडी पडली तशी तिनं शिलाई मशीनवर चादर टाकली आणि म्हणाली, "अहो, हिला गिऱ्हाईक बघा. मला नाय होत आता." रडली असती तर बरं वाटलं असतं मला. ती रडलीच नाही.

मी कारखान्यात तीस वर्षं फिटर होतो. म्हटलं, थांब, ही चादर काढायला लावतो की नाही बघ.

डॉक्टर म्हणाले होते, ऊब हवी. विजेचा हीटर लावला की तिचा घसा कोरडा पडायचा, खोकून खोकून बेजार. मग ठरवलं, खोली पाण्यावर तापवायची. माळ्यावर वडिलांचा तांब्याचा बंब पडून होता. तो खाली उतरवला, चिंचेनं घासला आणि परसात, खोलीपेक्षा दोन पायऱ्या खाली, बसवला. बंबाच्या डोक्यातून पाइप काढला, तिच्या खोलीच्या तीन भिंतींना गुडघाभर उंचीवर फिरवला आणि परत बंबाच्या बुडाशी आणून जोडला. वर छातीइतक्या उंचीवर तेलाचा रिकामा डबा परसातच टांगून बंबाला जोडला, पाणी कमी झालं तर भरायला. गरम पाणी वर चढतं, गार झालं की खाली उतरतं. पंप नाही, वीज नाही. जळणाला फुलंब्रीहून मेव्हण्यानं पाठवलेल्या कापसाच्या पऱ्हाट्या.

सासूबाई थंडीचे चार महिने आमच्याकडंच असतात. त्यांनी कमरेवर हात ठेवून सगळं बघितलं. "जावईबापू, पाणी नुसतं भितीभवती फिरवायचं? नळ आठव्या दिवशी येतो इथं!"

माझं डोकं आधीच तापट. त्यात माझ्या कारागिरीला नाव ठेवलं. मी फर्मान सोडलं, "बंबाच्या तोटीला कुणी हात लावायचा नाही!"

पहाटे बंब पेटवला. अर्ध्या तासात पाइप चटका बसेल इतका तापला. मी नाचायचाच बाकी होतो. पण फिरायला जाऊन सात वाजता परत येतो तर काय, पाइप गार! दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. पाणी गळत असेल म्हणून डबा बघावा, तर डबा काठोकाठ. थेंबभर कमी नाही. पाइपाचा उतार दोनदा बदलला, जोड खोलून बसवले, स्वतःला शिव्या घातल्या. मती गुंग झाली राव.

नवल असं की बोटं मात्र सुटायला लागली. पंधरा दिवसांत मूठ अर्धी वळली. मग काय विचारता, मी गल्लीभर सांगत सुटलो, अर्ध्या तासाची ऊबसुद्धा पुरते, पाइप बसवणारा पाहिजे!

एक दिवस चष्मा विसरला म्हणून फिरायला गेलेला मी अर्ध्यातून परतलो. परसात बघतो तर तोटीखाली परात, परातीत वाफाळतं पाणी, त्यात बायकोचे दोन्ही हात मनगटापर्यंत बुडालेले. सासूबाई एकेक बोट धरून हळूहळू चोळत होत्या. मध्येच उठल्या आणि तांब्यातांब्यानं गार पाणी डब्यात ओतलं.

"काढलं तेवढं ओतते मी," मला बघून त्या म्हणाल्या. "बंबाचा कायदाच हाय तो. फुकट नाय घेत तुमचं."

"म्हणून पाइप गार पडतात व्हय!" मी ओरडलो. तिथल्या तिथं तोटी काढली आणि बूच मारलं.

पुढं दोन दिवस पाइप दहा वाजेपर्यंत गरम. मी खोलीत बनियनवर बसून मिशीला पीळ देत होतो. तिसऱ्या सकाळी बायकोनं चहाचा कप दोन्ही तळव्यांत धरून उचलला. बोटं परत आखडली होती.

कप खाली ठेवून मी तिची बोटं हातात घेतली.

"गुण परातीतल्या पाण्याचा होता, हे मला आधी का नाही सांगितलंस?"

"तुम्ही पायपाला हात लावून लेकरावानी खुश व्हायचे," ती म्हणाली. "आई म्हणली, राहू दे, त्यांच्यामुळंच झालं असं वाटू दे त्यांना."

बूच काढलं. तोटी कमरेइतक्या उंचीवर बसवली, शेजारी स्टूल ठेवलं. आणि सासूबाईंना म्हणालो, "आई, चुकलं माझं." लग्नाला एकतीस वर्षं झाली, पहिल्यांदाच म्हणालो असेन.

"चुकलं कशाचं? तोटी लई खाली होती, तेवढंच," त्या म्हणाल्या.

संक्रांतीनंतर मशीनवरची चादर निघाली. पहिलं शिवलं ते सासूबाईंचं पोलकं. ह्या दोघी मला मिळाल्या हे माझं नशीब, दुसरं काय म्हणू!

पाइप अजूनही सातला गार पडतात. आता सासूबाई पाणी काढतात आणि डब्यात ओतायचं काम माझ्याकडं. आमचे पाइप बघायला कुणी आलं की बायको शिवता शिवता सांगते, "ह्यांच्या पायपांनी हात सुटले माझे." खरं काय ते सांगायला मी दर वेळी तोंड उघडतो, आणि दर वेळी सासूबाई डोळे वटारून मला गप्प बसवतात.