फोटोत नसलेला वर्ग

आमच्या रंगराव सरांचा मोबाइल म्हणजे गावाचा मोबाइल. तो टेबलावर पडलेला असायचा आणि त्याचा पासवर्ड खिचडी शिजवणाऱ्या सत्यभामाबाईंपासून सगळ्यांना ठाऊक होता. सरांच्या जावयाची बदली झाल्याचं आम्हाला सरांच्या आधी कळलं. अशा माणसाला 'मुलांची डिजिटल सुरक्षा' या विषयाच्या प्रशिक्षणासाठी मेहकरला पाठवलं. कारण काय, तर निवृत्तीला वर्ष राहिलेला माणूस एक दिवस शाळेत नसला तर मुख्याध्यापकांना चालतो.

पण सर जे ऐकून येतात ते मनावर घेतात, हाच त्यांचा रोग. दुसऱ्या दिवसापासून सहावीचा वर्ग पाढे म्हणावेत तसा ओरडू लागला. "ओटीपी कोणालाच सांगायचा नाही! अनोळखी लिंक उघडायची नाही! विचारल्याशिवाय कोणाचा फोटो पाठवायचा नाही!" मी शेजारच्या वर्गात भूगोल शिकवत होते. माझ्या पोरांना नद्या काही येईनात, हे मात्र तोंडपाठ झालं.

मग पुराव्याची वेळ आली. आमच्या खात्यात बॅनर धरलेल्या मुलांचा फोटो ग्रुपवर पडेपर्यंत शिकवलेलं शिकवलं ठरत नाही. चेहरे स्पष्ट हवेत, अशी वरून ताकीद. सरांनी पोरं उंचीप्रमाणे उभी केली, मोबाइल माझ्या हातात दिला. तेवढ्यात वेल्डिंगवाल्या फारुखभाईंची महनूर म्हणाली, "सर, हा फोटो कुठं जाईन?"

"ग्रुपवर."

"तिथं कोण कोण हाये?"

सरांनी उघडून पाहिलं. तालुक्यातले गुरुजी होते, साहेब होते, गाड्यांचा विमा विकणारा एक जण होता आणि कोणाचे ते कोणालाच माहीत नसलेले बरेच नंबर होते.

"मंग माहा नका पाठवू."

"काऊन?"

"तुमीच तं सांगतलं सर, आधी विचाराले लागते. तुमी विचारलंच नाही."

मागून आणखी दोन-तीन "माहाबी नको" आले. मुख्याध्यापक भगवानराव तापले. संध्याकाळपर्यंत फोटो गेला नाही तर रंगरावांना नोटीस आणि ऐन निवृत्तीच्या तोंडावर सेवापुस्तकात शेरा, हे त्यांनी सगळ्यांसमोर ऐकवलं. फारुखभाईंना निरोप धाडला. ते बिचारे काम टाकून, हातमोजे घालूनच आले. "टाका ना सर बिनधास्त. पोरीले काय समजते त्यातलं?" म्हणाले आणि परत गेले. झालं, बापाची परवानगी मिळाली! महनूर मान खाली घालून रांगेत जाऊन उभी राहिली. मला ते पाहवेना, आणि मोबाइल माझ्याच हातात.

रंगराव सर तिच्यासमोर उकिडवे बसले. गुडघे दुखतात त्यांचे.

"महनूर, तुह्या बापाले नाही, तुले विचारून राह्यलो. पाठवू काय?"

तिनं एकदा भगवानरावांकडे पाहिलं. "नाही सर."

"बरं. मंग नाही. जा, वर्गात बसा सारे."

आणि या गृहस्थांनी एकट्यानंच बॅनर धरून फोटो काढून घेतला. बॅनर आठ पोरांच्या मापाचा. एक टोक सुटून त्यांच्या डोक्यावर आलं. तोच फोटो ग्रुपवर गेला, आणि विमावाल्यानं त्याला अंगठा दिला.

नोटीस यायची ती आलीच. उपक्रमाच्या छायाचित्रात एकही विद्यार्थी दिसत नाही, लेखी खुलासा सादर करावा. सरांनी कागद पुढ्यात ओढला आणि आधी महनूरला बोलावलं.

"तुह्यं नाव लिहू काय यात?"

"नको सर."

त्यांनी मान डोलावली, एकच ओळ लिहिली, खाली सही केली आणि कागद मला वाचायला दिला. मी हसायच्या तयारीनं घेतला होता, पण ती ओळ दोनदा वाचली. लिहिलं होतं, "विद्यार्थी शिकले, म्हणून छायाचित्रात दिसत नाहीत."