दुपारी बाराच्या सहाच्या बातम्या

आमच्या घरात संध्याकाळ दुपारी बारा वाजता व्हायची. गंमत म्हणून सांगत नाहीये, मला त्याचा अक्षरशः वीट आला होता.

सासूबाई गेल्या आणि सासरे इंग्लंडमधल्या घराला कुलूप लावून आमच्याकडे, अमेरिकेत मिनेसोटातल्या ईडन प्रेरीला आले. चाळीस वर्षं ते तिकडच्या एका हॉस्पिटलात भूल देणारे डॉक्टर होते. माझा नवरा तिथेच वाढला. बाबा आले त्या दिवसापासून घरात एकच प्रश्न होता: ते इथे राहणार, की त्या रिकाम्या घरात परत जाणार? इथल्या डॉक्टरांनी बजावलं होतं की यांना एकटं ठेवू नका, एकदा जिन्यावरून पडलेत. बाबा म्हणाले, "मार्चपर्यंत बघतो, मग ठरवतो." नवरा ऑफिसला जातो आणि मी घरून काम करते, त्यामुळे त्यांचं हे जे काही बघणं होतं ते दिवसभर माझ्याच डोक्यावर बसून.

आणि बघणं म्हणजे टीव्ही. साधा नाही, इंग्लंडचा. नवऱ्याने कुठलीशी सर्व्हिस घेऊन टीव्हीवर तिकडची चॅनेल्स आणून दिली आणि आपण सुटला. पहिल्याच आठवड्यात मी बाबांना समजावलं की इथे सगळं साठवलेलं असतं, आरामात उठा, नाश्ता करा, हवं ते हवं तेव्हा लावा.

"हे कपाट आहे," बाबा म्हणाले. "चॅनेल नाही. कपाटात कपडे असतात, माणूस नसतो."

मग सुरू झाला वर्ग. माझी पोळी तव्यावर आणि बाबा ओट्याला टेकून उभे. एक नंबरचं चॅनेल म्हणजे घरातले मोठे काका, सगळ्यांना धरून चालणारे. दोन नंबरचं अभ्यासू, त्याला बागा आणि जुने किल्ले आवडतात. तीन नंबरचं जाहिरातींवर जगतं, म्हणून गोड बोलतं. चार नंबरचं मुद्दाम वाकड्यात शिरतं, कारण त्याचं कामच ते. कुठला कार्यक्रम कुठल्याच्या मागे लावायचा यावर तिथे माणसं डोकं लावतात. लोकप्रिय मालिकेच्या पाठोपाठ नवीन काहीतरी लावायचं, म्हणजे सोफ्यावर बसलेला माणूस आळसाने तेही बघतो. समोरच्याचा हुकमी कार्यक्रम असेल तेव्हा आपला चांगला माल वाया घालवायचा नाही. आणि दोन कार्यक्रमांच्या मध्ये चॅनेलचं चिन्ह असलेली छोटीशी फिल्म लागते, तिला आयडेंट म्हणतात. त्यावर एक आवाज शांतपणे सांगतो की आता पुढे काय आहे. ही फिल्म बदलली की बाबा आठवडाभर अस्वस्थ. तिथे असताना ते चॅनेलला तक्रारीची पत्रं लिहायचे म्हणे. एवढा शिकला-सवरलेला डॉक्टर!

"आणि इथे?" ते म्हणायचे. "माणूस वाक्य बोलत असताना मध्येच गुडघेदुखीच्या गोळीची जाहिरात. कोणी सांगत नाही की थांबा, आता जाहिरात आहे. ही काय रीत झाली?"

मला रीत-बीत काही नको होती. मला ओटा रिकामा हवा होता.

हे सगळंही चाललं असतं. पण बाबा तिकडचं सगळं तिकडच्याच वेळेला बघायचे. आमच्यात आणि इंग्लंडमध्ये सहा तास. म्हणजे तिथल्या सहाच्या बातम्या इथे भर दुपारी बाराला. त्या घरात सहाच्या बातम्यांची धून वाजली की सासूबाई उठून देवापुढे सांजवात लावायच्या. इतकी वर्षं ते ठरलेलं. आता बाबा बाराला पाच मिनिटं कमी असताना हॉलचे सगळे पडदे ओढायचे, ट्यूब लावायचे, दिवा लावायचे, हात जोडायचे आणि बातम्या बघायला बसायचे. मिनेसोटाचा हिवाळा ज्याने काढलाय त्याला कळेल. बाहेर महिनोन्महिने बर्फ, ऊन पडतं ते दुपारी जरासं, आणि आमच्या घरात नेमका त्याच वेळी अंधार. मी पडदा उघडायची, ते ओढायचे. मी पुन्हा उघडायची. दोघांचंही डोकं तडकलेलं होतं.

तीन वाजले की तिथे नऊ. नऊनंतर तिकडे मोठ्या माणसांचे कार्यक्रम लागतात, शिव्या-बिव्या असलेले, म्हणून मुलांनी टीव्हीसमोर बसायचं नाही असा तिथला नियम. माझी आठ वर्षांची मुलगी साडेतीनला शाळेतून यायची आणि आजोबा तिला हॉलमधून हाकलायचे.

"आजोबा, इट्स थ्री थर्टी."

"नऊ वाजून गेले. जा आत."

आणि टीव्हीवर काय लागलेलं असायचं? कोणीतरी बाई केक भाजत असायची.

मी नवऱ्याला म्हटलं, "तुझ्या वडिलांना सांग, आपण अमेरिकेत राहतो." तो म्हणाला, "यार, त्यांना इथे राहावंच लागणार आहे, हळूहळू होईल सवय." त्याला काय जातं बोलायला. मी नागपूरची आहे, माझा आवाज चढायला वेळ लागत नाही. मीही एक-दोनदा बाबांना तोंडावर तेच ऐकवलं की राहावं लागेल तर इथल्या घड्याळाप्रमाणे राहायला शिका. ते मान हलवायचे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पडदे.

मग मार्च आला. इथली घड्याळं रविवारी एक तास पुढे गेली. सोमवारी माझी मीटिंग चालू होती, टीममधला एकेक जण काम कुठवर आलं ते सांगत होता. माझी पाळी यायची होती. एवढ्यात बाबा दार न वाजवता आत आले, फोन हातात.

"त्यांनी सहाच्या बातम्या हलवल्या," ते म्हणाले. "दिवा लावून बसलो तर पाचचा तो जुन्या वस्तूंच्या लिलावाचा कार्यक्रम चाललाय. मी चॅनेलला फोन लावला. म्हटलं, न कळवता वेळ कशी बदलता? ती मुलगी म्हणाली, सर, आमच्याकडे आत्ता पाचच वाजलेत."

मी हेडसेटचा माइक बंद केला. "बाबा, आपली घड्याळं काल बदलली. तिथली अजून दोन-तीन आठवड्यांनी बदलतील. तोपर्यंत बातम्या एक वाजता. यात चॅनेलचा काय दोष?"

"पण दिवा लावून झाला."

"मग उद्या तासभर उशिरा लावा. नाहीतर संध्याकाळी लावा ना, सगळं जग लावतं तसा. बारा वाजता कसली सांजवात?"

हे मी ज्या आवाजात बोलले तो आवाज मला अजून ऐकू येतो. बाबा कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसले. चिडले नाहीत. चिडले असते तर बरं झालं असतं.

"मी येड्यासारखं वागतो ते मला कळतं," ते म्हणाले. "ती त्या वेळेला उठायची, म्हणून मीही उठतो. ते जाऊ दे. एक विचारू? मी आल्यापासून मला प्रत्येकाने सांगितलं, इथे राहावं लागेल. डॉक्टर म्हणाला, मुलगा म्हणाला, तूही म्हणालीस. 'राहा' असं कोणी म्हटलं का गं? मला आठवत नाही, म्हणून विचारतोय."

नेमकं तेव्हाच हेडसेटमध्ये कोणीतरी माझं नाव घेतलं. माझी पाळी आली होती.

"दोन मिनिटं, बाबा," मी म्हटलं.

त्यांनी मान डोलावली, उठले आणि जाताना दार हळूच ओढून घेतलं.

माझं बोलणं संपलं तरी मीटिंग अर्धा तास लांबली. बाहेर आले तर पडदे उघडे, टीव्ही बंद. बाबा डायनिंग टेबलवर बसून कालची भाजी आणि भात खात होते. मी म्हटलं, "गरम करून देऊ?" ते म्हणाले, "नको, ठीक आहे." एक वाजला, बातम्या लागल्या असतील, त्यांनी टीव्ही लावला नाही. तो विषय त्यांनी काढला नाही आणि मीही काढला नाही.

नवरा घरी आल्यावर बाबांनी त्याला तिकीट काढायला सांगितलं. तो खूप बोलला. डॉक्टर, जिना, एकटेपणा, सगळं पुन्हा सांगून झालं. मध्येच त्याने माझ्याकडे पाहिलं, मी काहीतरी बोलावं म्हणून. मी फरसबी चिरत राहिले. तिथली घड्याळं बदलायच्या आत बाबा इंग्लंडला परत गेले.

बाबांचा तो प्रश्न मी नंतर सगळ्यांना सांगितला. नवरा म्हणतो, तू तरी काय करणार, मीटिंगमध्ये होतीस. मैत्रिणीही तेच म्हणतात. मी कोणालाच पूर्ण खरं सांगितलेलं नाही. माइक बंदच होता. 'राहा' म्हणायला श्वासभरसुद्धा वेळ लागला नसता. ती दोन मिनिटं मी मीटिंगसाठी मागितली नव्हती, उत्तर काय द्यायचं ते ठरवायला मागितली होती, आणि बाबांना ते दाराशी पोचायच्या आतच कळलं.