एक बोलणार, एक दाबणार

हे जग एखाद्या पॅनलवर बसवता आलं असतं, तर आमच्या साडूभाऊंनी ते केव्हाच सुरळीत चालवून दाखवलं असतं. पाऊस एका बटणावर, भावकीतली भांडणं दुसऱ्यावर, आणि माझ्यासारख्या आळशी नातेवाइकांना दुपारच्या झोपेतून उठवायला कोपऱ्यात एक लाल बटण. साडूभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. त्यांची उभी नोकरी चंद्रपूरच्या विजेच्या कारखान्यात, कंट्रोल रूममध्ये गेली. भिंतभर पॅनल, त्यावर दिवे, काटे आणि बटणं, आणि त्या सगळ्यांसमोर खुर्चीत ताठ बसलेले साडूभाऊ. निवृत्त झाल्यावर त्यांनी मूल गावाच्या टोकाला, धानाच्या बांधीला, म्हणजे भातखाचराला, लागून घर बांधलं. नोकरी सुटली, पण पॅनल काही सुटलं नाही. नागपूरच्या लेकीने नवा कंप्युटर घेतला आणि जुना बापाच्या घरी आणून टाकला. त्यात साडूभाऊंना कुठून तरी एक फुकटचा प्रोग्राम सापडला, ज्यात आपल्याला हवी तशी बटणं आपणच बनवायची, हवी तिथे मांडायची आणि माउसने दाबायची. त्या दिवसापासून माणूस पुन्हा ड्युटीवर रुजू झाला.

माउसचा बाण पडद्याच्या डाव्या काठाला नेला की तिथून पॅनल सरकत बाहेर यायचं. बारीक बारीक बटणांच्या रांगा, आणि प्रत्येकावर साडूभाऊंनी स्वतः घातलेलं नाव. ‘वंदना’ दाबलं की बुद्धवंदना लागायची, ‘पेपर’ दाबलं की पेपर उघडायचा, ‘हवा’ म्हणजे हवामान, ‘डंडार’ म्हणजे आमच्या झाडीपट्टीतल्या डंडार या लोकनाट्याची गाणी, ‘लेक’ म्हणजे नागपूरला फोन, आणि ‘साडू’ म्हणजे मी. कीबोर्डला ते शक्यतो हात लावत नसत. “टाइप करणं बाबू लोकायचं काम आहे, भाऊ. ऑपरेटर टाइप नाई करत. ऑपरेटर दाबते,” असं ते मला सांगत. मोबाइलवर तर त्यांचा रागच होता. त्याच्यात बटण आज इथे तर उद्या तिथे, कंपनीवाल्यांच्या मर्जीने. ऑपरेटरच्या हाताला बटणाची जागा डोळे मिटून ठाऊक पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. मी चिमूरच्या शाळेत जन्मभर मराठी शिकवलं. मला आमच्या घरातल्या दिव्यांची बटणंसुद्धा अजून नीट माहीत नाहीत. त्यामुळे त्यांच्यासमोर मी मान डोलावत बसायचो आणि चिवड्याची बशी रिकामी करायचो.

कारखान्यात म्हणे रोज ड्युटी सुरू होताना पॅनलवरचे सगळे दिवे लागतात की नाही ते तपासावं लागे. साडूभाऊंनी ती शिस्त घरी आणली. सकाळी चहाआधी ते प्रत्येक बटण एकदा दाबून पाहत. त्यात ‘साडू’ही आला. म्हणजे मी अंथरुणात असताना फोन वाजायचा, मी धडपडत उचलायचो, आणि पलीकडून आवाज यायचा, “टेस्टिंग चालू आहे भाऊ, ठेवा.” कधी नमस्कार नाही की जय भीम नाही. मी एकदा चिडून फोन उचललाच नाही, तर दुपारी लेकीकडून निरोप आला की काका, तुमचं बटण खराब झालंय का, बाबा विचारतात.

पॅनलवर ‘बंद’ असंही एक बटण होतं, पण ते दाबून कंप्युटर बंद करणं हे येऱ्यागबाळ्याचं काम नव्हतं. ते दाबलं की पडद्यावर विचारणा व्हायची, ‘खरंच बंद करायचं?’ हो म्हटलं की पुढची यायची, ‘घरात सगळ्यांना विचारलं?’ मोठ्या मशिनी अशा सहज बंद पडू देत नसतात, असं त्यांचं त्यावर उत्तर. आमच्या ताई, म्हणजे त्यांच्या सौभाग्यवती, या भानगडीत पडत नसत. जेवण थंड होऊ लागलं की त्या सरळ भिंतीवरचं बटण बंद करत. पॅनलवर एक बटण मात्र कोरं होतं. नाव नाही, दाबलं तर काही होत नाही. त्याला ते स्पेअर म्हणत. मी म्हटलं, मग ते ठेवता कशाला? तर म्हणाले, “पॅनल कधी पुरा भराव नाई. उद्या काय लागन, कोणाले ठाव?”

पण घरच्यांना खरा जाच होता तो कंट्रोल रूमच्या दुसऱ्या एका नियमाचा. तिथे मोठं काम असलं की दोन माणसं लागत, एक बोलणार आणि एक दाबणार. बोलणाऱ्याने बटणाचं नाव घ्यायचं, दाबणाऱ्याने ते परत म्हणून दाखवायचं, बोलणाऱ्याने हो म्हणायचं, आणि मगच दाबायचं. साडूभाऊ हा नियम जेवणाच्या ताटावर लावत. “मीठ,” असं ते म्हणत आणि थांबत. आपण “मीठ?” असं विचारून, त्यांचा होकार घेऊन, मग मिठाची वाटी सरकवावी अशी त्यांची अपेक्षा. ताई वाटी त्यांच्यापुढे आदळत. “मी काय तुमच्या कारखान्यातली आवो का? घ्या मीठ!” इतक्या वर्षांच्या संसारात त्यांनी एकदाही शब्द परत म्हटला नाही. मीही कधी म्हटला नाही. जावयासारखा मान असलेल्या माणसाने मिठासाठी पोपटपंची करावी, हे मला पटत नव्हतं.

मागच्या उन्हाळ्यात गेलो तेव्हा बटणं जरा मोठी दिसली. मला वाटलं, डोळे अधू झाले असतील. पावसाळ्यात गेलो तर ती आणखी मोठी. पुस्तकाच्या पानासारखं दिसणारं पॅनल आता लहान मुलांच्या अंकलिपीसारखं दिसू लागलं होतं. बटण मोठं केलं की शेजारच्याला जागा उरत नाही, त्यामुळे एकेक बटण काढून टाकावं लागत होतं. ‘हवा’ गेलं. “हवा काय, दार उघडलं का दिसते,” असं साडूभाऊ म्हणाले. मग ‘पेपर’ गेलं. मी विचारलं, डोळ्यांना काही झालंय का? तर ते तुटकपणे म्हणाले, “डोळे ठीक आहेत,” आणि चहाचा अर्धाच भरलेला पेला दोन्ही हातांनी धरून प्याले.

त्याच सुमारास त्यांच्या घरातून चमत्कारिक गोष्टी कानावर येऊ लागल्या. पहाटे ‘वंदना’ लागायच्या ऐवजी ढोलकीसकट डंडार लागली आणि शेजारची मंडळी कुठी कार्यक्रम आहे म्हणून विचारायला आली. आणि मला फोन यायला लागले. सकाळच्या टेस्टिंगचे नव्हेत, कधीही, दिवसातून कितीदा तरी. मी उचलला की पलीकडे घुटमळणारा आवाज, “चुकून लागला भाऊ, ठेवा.” मी आधी हसलो, मग वैतागलो. शेवटी एकदा मी “आता काय झालं?” असं जरा वाकड्यातच विचारलं. तेव्हा ते हळूच म्हणाले, “हात आयकून नाई राह्यला, भाऊ.”

उजवा हात थरथरत होता. चंद्रपूरच्या डॉक्टरांनी तपासून गोळ्या दिल्या होत्या. घाबरण्यासारखं काही नाही, पण पुरतं जाणारही नाही, असं सांगितलं होतं. साडूभाऊंना दुखण्याची भीती नव्हती. कारखान्यात त्यांनी स्वतःच नव्या लोकांना शिकवलेली एक गोष्ट त्यांना आता टोचत होती. ज्याच्या हाताचा भरवसा नाही, त्याने कोणी सांगायच्या आधी आपणहून खुर्ची सोडायची. दिवाळी झाली आणि त्यांचा फोन आला. या वेळी चुकून लागलेला नव्हता. पॅनलवर आता ‘वंदना’, ‘लेक’, ‘साडू’ आणि ते कोरं स्पेअर एवढंच उरलं होतं, असं त्यांनी सांगितलं. मी म्हटलं, अहो, ते स्पेअर काढा आणि तिथे पेपर बसवा. तर ते नाही म्हणाले, आणि पुढे म्हणाले, “गाडी घेऊन या एखाद्या दिवशी. कंप्युटर घेऊन जा. लेकीले नाई देत, ते विचारन काऊन म्हणून. तुमच्या शाळेले देऊन टाका.” असल्या माणसाच्या घरात तो कंप्युटर नसणं म्हणजे काय, हे मला कळत होतं. फार वाईट वाटलं. तब्येतीचं, लग्नसराईचं, गाडीच्या टायरचं निमित्त करून मी जाणं लांबवत राहिलो. त्या दिवसांत फोनही आला नाही. सकाळी जाग यायची आणि कोणीच टेस्टिंग करत नसायचं.

शेवटी धानाची कापणी आटोपल्यावर गेलो. कंप्युटर गुंडाळायला मागच्या सीटवर जुनी चादर टाकून घेतली होती. दारातून आत पाऊल टाकलं तर पडद्यावर पॅनल उघडं, आणि त्यावर पूर्वीसारख्याच बारीक बारीक बटणांच्या रांगा! ‘हवा’ होतं, ‘पेपर’ होतं, ‘डंडार’ होतं. माझा जीव भांड्यात पडला. गोळ्यांचा गुण आला, असं म्हणणार तोच माझं लक्ष खुर्चीकडे गेलं. खुर्चीत ताई बसल्या होत्या. कपाळाला आठी, पदर कमरेला खोचलेला, हातात माउस. साडूभाऊ बाजूला स्टुलावर ताठ बसले होते, हात मांडीवर एकावर एक दाबून.

“पेपर,” साडूभाऊ म्हणाले.

“पेपर?” ताईंनी विचारलं.

“हाव. दाब.”

ताईंनी दाबलं. पेपर उघडला. मग माझ्याकडे वळून त्या म्हणाल्या, “या भाऊजी. गाडी काऊन आणली?”

मी गाडीचं काहीतरी थातूरमातूर सांगितलं. साडूभाऊ जमिनीकडे पाहत होते. ताईंना सगळं माहीत होतं. “कंप्युटर न्यासाठी बलावलं होतं ना यायनं तुमाले? मी मनलं, हात तुमचा हलते, तोंड तं नाई हलत. तुमी बोला, मी दाबतो. आता रोज मायं डोकं खाऊन राह्यले. ते बटण तिथी कर, हे इथी कर.” असं म्हणत त्यांनी एक बटण माउसने ओढून दुसऱ्या रांगेत नेलं. साडूभाऊ कळवळून म्हणाले, “अवो, ते तिथी नाई!” “राहू द्या. माह्या हाताले इथीच बरं पडते,” ताई म्हणाल्या. आणि ज्या माणसाने आयुष्यात कोणाला बटण हलवू दिलं नव्हतं, तो गप्प बसला. ते कोरं स्पेअर मात्र आपल्या जागेवर होतं. त्याला दोघांनीही हात लावला नव्हता.

जेवण झालं. साडूभाऊ “मीठ” म्हणाले, तेव्हा मी कान टवकारले. ताईंनी वाटी आदळली. तेवढ्यावरून मला घर जागेवर असल्याची खात्री पटली. निघताना मागच्या सीटवरची चादर मी तशीच घडी करून ठेवली आणि गाडी अंगणातून वळवू लागलो. खिडकीच्या गजांमागे साडूभाऊ उभे होते, हात वर केलेला. ते हात हलवत होते की हात आपणच हलत होता, हे तेवढ्या अंतरावरून कळत नव्हतं. इतक्यात आतून आवाज आला.

“साडू.”

“साडू?”

“हाव, दाब.”

माझ्या खिशातला फोन वाजला. गाडी अजून त्यांच्याच अंगणात होती. मी तो उचलला.

“हळू जा भाऊ,” साडूभाऊ म्हणाले, “आन पोचल्यावर फोन करा.” आणि ते थांबले.

मी गाडी थांबवली. “हळू जातो,” मी म्हटलं, “आणि पोचल्यावर फोन करतो.”