गोल मोडणारा माणूस

श्रीगोंद्याच्या नाट्यगृहात दिवे लावणाऱ्या त्या माणसाचं नाव मी विचारलं नाही, ही माझी चूक. मशीनला जाळी न बसवणाऱ्या सुप्याच्या एका कारखान्यात बोटं गमावलेली आमच्या संघटनेतली ताई त्या संध्याकाळी पहिल्यांदा स्वतःची कैफियत मांडणार होती. आम्ही पथनाट्यवाले; सवयीनं रंगमंचावरही गोल करून उभे राहिलो. निम्म्यांची पाठ खुर्च्यांकडे, ताई मधोमध झाकलेली.

"ओ पुढारी, ह्यो चौक न्हाई! हितं लोकं एकाच बाजूला बसत्यात," तो शिडीवरून ओरडला. उतरून त्यानं खडूनं फुल्या मारल्या. पडद्याआडची बाजूची जागा म्हणजे विंग, उभं राहायचा लाकडी चौथरा म्हणजे लेव्हल, एकट्यावरचा झोत म्हणजे स्पॉट, असं शिकवत त्यानं ताईला लेव्हलवर चढवलं आणि आम्हाला विंगेत पिटाळलं.

मी भडकलो. "लढा सगळ्यांचा आहे!"

"व्हय की. घोषना समदे द्या. पन बोटं तिची गेलीत, तिला बोलू द्या."

प्रयोगात ताईनं झोतात हात वर केला. मग स्वतःची कैफियत तिनं स्वतः सांगितली. तिच्या वतीनं मी इतकी पत्रकं लिहिली होती. तिचा आवाज एवढा खणखणीत आहे, हे मला विंगेत उभं राहून कळलं.