उपरण्याखालचं एक बोट

पुण्याच्या एका डॉक्टरने माझ्या धाकट्या बहिणीला फसवलं. सौदा मी ठरवला होता, पण मोडला त्याने. गावात लोक उलटं सांगतात. म्हणतात, आयुष्यभर बैलांचे सौदे करणारा हेडी शेवटी शिकलेल्या माणसाकडून गंडला. मी गंडलो नाही. दिलेला हात त्याने नाकारला. या दोन गोष्टी एक नाहीत.

ते दुष्काळाचं साल. शेवगावच्या बाजारात विकणारे ढीगभर आणि घेणारा कुणी नाही. बापाने मला वारसा म्हणून चाबूकसुद्धा ठेवला नव्हता. गुरांच्या दलालीवर मी घर उभं केलं, पण त्या वर्षी हात रिकामे होते. म्हणून दुष्काळी कामावर खडी फोडणाऱ्या माणसांत जाऊन बसायचो. तिथेच हा डॉक्टर जीपमधून उतरला. मनाच्या आजारांचा डॉक्टर. त्याला पिणाऱ्यांचा अभ्यास करायचा होता. कोण का पितो, कधीपासून पितो, सोडावीशी वाटते का.

परवान्याशिवाय पिणं तेव्हा गुन्हा होता. जीपमधून उतरून दारूचं विचारणारा माणूस पोलिसांचाच, हे सगळ्यांनी धरलं.

"दारू? ती कशी असती सायेब?" एका खडीवाल्याने भोळ्या चेहऱ्याने विचारलं. त्याच्या तोंडाचा वास जीपपर्यंत येत होता.

डॉक्टर दोन-तीन दिवस असाच उन्हात फिरला आणि मग माझ्याकडे आला.

"ही माणसं तुमचं ऐकतात म्हणे."

"ऐकतात. मला काय मिळेल?"

त्याने खिशात हात घातला. मी म्हणालो, "खिसा राहू द्या, साहेब."

मला काय हवं ते मी आधीच हेरलं होतं. त्याच्या ड्रायव्हरने मला सांगितलं होतं की पुण्यात त्यांच्या इस्पितळात एक शिक्षणवर्ग निघतोय. दारू सुटताना माणूस थरथरतो तेव्हा काय करायचं, त्याच्याशी कसं बोलायचं, घरच्यांना कसं सावरायचं, हे शिकवणार, आणि शिकलेल्या माणसांना आपापल्या भागात नेमणार. माझी बहीण श्रीरामपूरला एका दवाखान्यात आया होती. नवरा दारूने गेला, त्यानंतर ती मॅट्रिक झाली. फरशी पुसता पुसता ती पिऊन आलेल्यांच्या बायकांना धीर द्यायची आणि त्यावरून बोलणी खायची. तिला ते काम रीतसर शिकायचं होतं.

मी उपरणं सोडलं. डॉक्टरला समजावलं की बाजारात आम्ही भाव बोलत नाही, उपरण्याखाली एकमेकांची बोटं धरतो. धरलेली बोटं म्हणजे मागणी, हात दाबला की सौदा पक्का. मग त्यातून बापही मागे फिरत नाही.

मी त्याची दोन बोटं धरली. वर्गातल्या दोन जागा, एक बहिणीला, एक इथल्या कुणालाही. तो हसला. त्याच्या सोबत्याने फोटो काढला. मग डॉक्टरने आपलं एक बोट सोडवून घेतलं, एकच ठेवलं. मी तरी दुसरं पुन्हा धरू पाहिलं. त्याने नकाराची मान हलवली.

"एकच, बरं का. तुमची बहीण. मॅट्रिक चालेल."

आणि हात दाबला.

संध्याकाळी श्रीरामपूर गाठून बहिणीला सांगितलं तर ती म्हणाली, "दादा, बैल घेताना दात बघतोस. याचे बघितलेस का?" पण म्हणताना तिचा चेहरा उजळला होता. दवाखान्यातून रजा काढून ती आमच्या दुष्काळी कामावर आली आणि बायकांशी बोलायचं काम तिने उचललं. मी माणसांना सांगितलं, "बोला, हा पोलीस नाही, जबाबदारी माझी." माणसं बोलली. इतकी बोलली की डॉक्टरचे कागद संपले.

तो भोळा चेहरा करणारा खडीवाला शेवटी म्हणाला, "सोडायची हाय सायेब. पर सुटंल का?"

"सुटेल. आमचं माणूस इथे येऊन बसेल."

"कोन?"

डॉक्टरने माझ्या बहिणीकडे बोट दाखवलं. "ह्या बाई. शिकून येतील."

जीप गेली ती परत आली नाही. खडीवाल्याने मात्र वाट बघायची सोडून स्वतःच बाटली फेकली, एका झटक्यात. तिसऱ्या दिवशी अंग कापायला लागलं, भिंतीवर साप दिसायला लागले, मग फेफरं आलं. बहिणीने त्याच्या बायकोबरोबर त्याला ट्रकात घालून नगरच्या सरकारी दवाखान्यात नेलं. वाचला. परत आला आणि पहिलं काम केलं ते प्यायचं.

"आता कुनी इचारलं तर सांगीन, न्हाई सोडायची," तो मला म्हणाला. "तुमी जबाबदारी घेतल्ती ना, आण्णा?"

दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीने मी पुण्याला गेलो. वर्ग केव्हाच सुरू झाला होता. दारातून पाहिलं, सगळे पदवीवाले, सगळे शहरातले. डॉक्टरच्या खोलीत भिंतीवर चौकटीत फोटो होता. माझं उपरणं आणि त्याखाली शिरलेले दोन हात.

"अहो, या, या!" तो उठून म्हणाला. "सगळे पाहुणे हा फोटो बघून खूश होतात."

"बहिणीची जागा?"

"समिती पदवी मागते, माझा इलाज नाही. आणि ते तर आपण गमतीत..."

माझा आवाज चढला. शिपाई धावत आले. "गंमत होती तर तुम्ही बोट का सोडवून घेतलंत? थट्टेत कुणी भाव पाडतो का? दोनाचं एक केलंत, म्हणजे एक द्यायचं कबूल केलंत!"

त्याने घड्याळाकडे बघितलं. मला दंडाला धरून बाहेर काढलं.

बहीण आजही आया आहे. खडीवाल्याची बायको अजून तिच्याकडेच येते. तिला धीर दिल्याबद्दल बहिणीला अजून बोलणी बसतात. आमच्या माणसांनी सांगितलेलं घेऊन डॉक्टर मोठ्या सभांत बोलतो, असं ऐकतो.

समितीचं नाव मला सांगू नका. समितीने माझा हात धरला नव्हता. डॉक्टरसाहेब, तुम्ही आमच्या माणसांना प्रश्न विचारलेत आणि त्यांनी खरी उत्तरं दिली. आता तुम्ही इकडे या, खडीच्या ढिगापाशी, तो फोटो बरोबर आणा. खडीवाल्याच्या बायकोसमोर आणि माझ्या बहिणीसमोर उभे राहून सांगा, उपरण्याखाली ते एक बोट कशासाठी होतं?