पाचव्या सुराची अडखळ

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, पोरांना नाही, विहारात डोळे मिटून बसलो तेव्हा स्वतःलाही नाही. दोनदा अगदी जिभेवर आलं होतं, दोन्ही वेळा गिळलं. गिळायची सवय लागते हो माणसाला. आता तुमच्यापुढे काढतोय, तर थोडं इकडचं तिकडचं होईल, सांभाळून घ्या. नाही — सांभाळून तरी कशाला घेता?

सत्तर-ऐंशीच्या काळात तुम्ही नाशकात वाढला असाल, तर तो पीस तुम्हाला ठाऊक आहे. टँऽ ट-ट टँ, मग पाचव्या सुरावर ती बारीकशी अडखळ, चालता चालता पायाखाली खडा यावा तशी — आणि धाडकन् पुढचे दोन. झालं, सातच सूर. पण काय सात सूर होते! भीमजयंतीला तोच, गणपतीत तोच, वरातीत तोच. नाशिकरोडचे रिक्षावाले तो हॉर्नवर वाजवायचे. कॉलेजात कुणी बाकावर बोटं आपटून पहिले चार काढले, की अख्खा वर्ग उरलेले तीन पुरे करायचा, वर प्राध्यापकही गालात हसायचे. आजही माझ्या वयाच्या माणसाने तो ऐकला की त्याचे खांदे आपोआप हलतात. आणि तो म्हणतो, हा तर सुधाकर मास्तरचा पीस.

सुधाकर मास्तर म्हणजे मी. आणि तो पीस माझा नाही.

तो गौतमचा. आमच्या कॉलनीत दोन घरं सोडून राहायचा. एकलहऱ्याला वीज केंद्रात कामाला होता. सायकलवरून आला, हातपाय धुतले, की ओट्यावर बेंजो घेऊन बसलाच. बेंजो म्हणजे आपला बुलबुलतरंग हो, टाइपरायटरसारखी बटणं आणि खाली तारा. त्याचा बेंजो जुनापुराणा. एक बटण दाबलं की लवकर वरच यायचं नाही. अरे स्प्रिंग बदल, म्हणून मी किती डोकं खाल्लं त्याचं! तो हसायचा. 'राहू दे रे सुध्या, त्यालाही जरा दम खाऊ दे.' त्या दम खाणाऱ्या बटणातूनच ती अडखळ आली. माझा बेंजो नवा कोरा होता. त्यावर मला ती अडखळ मुद्दाम शिकावी लागली, आठवडाभर घोटून. म्हणजे बघा, त्याच्या वाद्याचं दुखणंसुद्धा मी सोडलं नाही.

मिरवणुकांत वाजवायला गौतमची एक बेंजो पार्टी होती, माझी एक. या पार्ट्यांत एक रीत होती. प्रत्येक पार्टीची स्वतःची सलामी, म्हणजे सुरुवातीचा पीस. ज्याने बसवला त्याचा. दुसऱ्याने त्याला हात लावायचा नाही, वाजवायचाच असेल तर विचारून आणि त्याचं नाव घेऊन. लिहिलेलं कुठे काही नव्हतं. पण ती रीत मोडणारा मी तरी तोवर पाहिला नव्हता. गौतमची ही सलामी तेव्हा नवी कोरी, ओट्याबाहेर अजून वाजलीच नव्हती.

मग कॅसेटी आल्या. मुंबईच्या एका कंपनीने बोलावलं — खरं तर गौतमला. ऐन वेळी त्याला कावीळ झाली. डोळे हळदीसारखे पिवळे, उठवतसुद्धा नव्हतं. मला म्हणाला, 'तू जा. माझी सलामी वाजव. फक्त नाव सांग माझं, बरं का.' एवढंच मागितलं त्याने. मी गेलो, वाजवलं. काचेपलीकडचा माणूस खुशीत बाहेर आला, म्हणाला, 'मास्टर, ये पीस किसका?'

मला तोवर कुणी मास्टर म्हटलं नव्हतं.

मी म्हणालो, मेरा.

गौतमला मी काय सांगितलं? कॅसेटवर नाव छापणाऱ्याने घोळ घातला, पुढच्या खेपेला तुझं नाव येईल. त्याने विश्वास ठेवला. पुढची खेप आली, तिच्या पुढचीही आली. त्याने एकदाही विचारलं नाही.

इथेच थांबलो असतो, तर तुम्हाला बोलावून बसवलं नसतं. चोरी आहे, पण चोऱ्या काय, माणसं करतात. मी जे केलं ते त्याच्यापुढचं आहे.

जयंतीची मिरवणूक. दुपारचे चार, ऊन मी म्हणतंय. शालिमारच्या चौकात दोन पार्ट्या समोरासमोर आल्या, माझी आणि गौतमची. त्याने आपली सलामी सुरू केली. आपली म्हणतोय मी, नीट ऐका! आणि गर्दीतली पोरं ओरडली, 'ए कॉपी! मास्तरचा पीस चोरला!' शिट्ट्या, हुर्यो. एक चप्पल येऊन त्याच्या हातगाडीवर पडली.

आमच्या दोघांचेही उस्ताद दगडूबाबा तिथे होते. आम्हा दोघांना पहिलं बटण दाबायला त्यांनीच शिकवलेलं. त्यांनी ताशे थांबवले. वाद झाला तर सोडवायची रीत ठरलेली होती — दोघांनी एकाच बेंजोवर हात ठेवायचा आणि सांगायचं. आम्ही माझ्या बेंजोवर हात ठेवले. माझी करंगळी त्याच्या करंगळीला लागत होती. नाव माझं छापलेलं, म्हणून बाबांनी मला आधी विचारलं, 'सांग लेका, सलामी कुणाची?'

एक शब्द बोलायचा होता. त्याचं नाव. तीन अक्षरं.

मी म्हणालो, 'माझी, बाबा.'

घाबरून बोललो असं वाटतं तुम्हाला? छे! कुणाला घाबरणार होतो? मला तो जमाव माझा हवा होता.

गौतमने हात काढला. पँटला पुसला. मला वाटलं, आता हा थोबाडीत देणार. दिली असती तर सुटलो असतो मी. तो म्हणाला, 'मास्तरांचीच आहे, बाबा.' लहानपणापासून सुध्या म्हणणारा माणूस. पोरांनी जल्लोष केला, माझ्या पार्टीने सलामी धरली, आणि मी वाजवली. अडखळीसकट.

त्यानंतर त्याने चौघांत कधी बेंजो वाजवला नाही. रस्त्यात भेटला की 'जयभीम, मास्तर' म्हणायचा आणि सायकल पुढे काढायचा. रागाने नव्हे. तेच तर सोसवत नाही.

पाच-सहा वर्षांनी तो गेला. कावीळ उलटली. विहारात त्याचं पुण्यानुमोदन होतं, शोकसभाच म्हणा; मी गेलो, मागे बसलो. वंदना झाली, लोक बोलले. मग त्याचा मुलगा उठला आणि कापडात गुंडाळलेला तो जुना बेंजो घेऊन थेट माझ्याकडे आला. म्हणाला, 'काका, बाबांना तुमचा तो पीस फार आवडायचा. घरात एकटे असले की हळूच वाजवायचे. त्यांच्यासाठी एकदा वाजवाल?'

तुमचा तो पीस.

पोटच्या पोरालाही त्याने सांगितलं नव्हतं.

मी वाजवला. पाचव्या सुराशी आलो, सवयीने बोट रोखायला गेलो — रोखावं लागलंच नाही. बटण आपणहून अडकलं, त्याने दम खाल्ला आणि सावकाश वर आलं. सगळं विहार रडत होतं. दगडूबाबांनी माझ्याकडे बघून मान डोलावली.

पोरगा पाया पडला. म्हणाला, 'हा बेंजो आता तुम्हीच न्या, काका. तुमच्या हातात शोभतो.'

मी नेला.